एका ओळीच्या दोन

पडद्यावरचा तो छोटासा बाण माझ्या नजरेतून कधी हरवायला लागला, हे आता नेमकं सांगता येत नाही. माऊस हातात असायचा, म्हणजे बाणही पडद्यावर कुठंतरी असायलाच हवा, एवढं माहीत असायचं. मग मी माऊस टेबलावर जात्यासारखा गोल गोल फिरवायचो. कुठल्या तरी फेऱ्यात बाण नजरेसमोरून सुळकन जायचा आणि मी त्याला पकडायचो. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच होतं. बाण हरवतो, माणूस माऊस फिरवतो, सापडला की कामाला लागतो. यात कुणाला विचारण्यासारखं काही होतं असं मला कधी वाटलं नाही.

आमचं ऑफिस राजारामपुरीत, एका बेकरीच्या वर आहे. दुपारी जेवणं झाली की खालून बटर भाजल्याचा वास जिन्यानं वर चढतो आणि सगळ्या मजल्यावर एक गोड सुस्ती पसरते. आम्ही तिथं जावा भाषेत प्रोग्रॅम लिहितो. दूध संकलन, उसाच्या गाड्यांची नोंद, पतसंस्थांचे व्यवहार, असल्या इथल्याच कामांचे. दिवसभर एकच एडिटर उघडा असतो. एडिटर म्हणजे ज्यात कोड लिहायचा, तपासायचा आणि चालवून बघायचा ती जागा. बाहेरच्या माणसाला त्यात नुसता काळा पडदा आणि रंगीत अक्षरं दिसतात. त्यात रोज राहणाऱ्याला तो गावासारखा असतो. कुठल्या बोळातून गेलं की कुठं निघतो, हे हळूहळू पायाखालचं होतं.

अशाच एका सुस्त दुपारी मी बाणाला वैतागलो. शोधून शोधून डोकं उठलं, आणि मी माऊसची वायर काढून तो ड्रॉवरमध्ये टाकला. रागाचा माणूस आहे मी. राग आला की वस्तू बंद करून ठेवतो आणि मग तिच्यावाचून चालवून दाखवतो.

चालवणं सोपं नव्हतं. सुरुवातीला मी मुका झाल्यासारखा बसून असायचो. काय करायचं ते डोक्यात असायचं, पण हाताला वाट नसायची. मग एकेक कळ सापडत गेली. शिफ्ट दोनदा दाबलं की एक लहानशी खिडकी उघडते आणि सगळ्या प्रोग्रॅममध्ये हवं ते नाव शोधता येतं. एखाद्या शब्दावर उभं राहून कंट्रोल आणि बी दाबलं की तो शब्द जिथं पहिल्यांदा जन्माला आला तिथं आपण जाऊन पोचतो. शिफ्ट आणि एफ सिक्सनं एका ठिकाणी नाव बदललं की साऱ्या गावात ते बदलतं, कुणी जुन्या नावानं हाक मारत नाही. काही चुकलं की लाल रेघ येते, तिथं ऑल्ट आणि एंटर दाबलं की एडिटर स्वतःच दुरुस्ती सुचवतो, समजूतदार शेजाऱ्यासारखा.

त्यातली एक कळ मला सगळ्यांत प्रिय होती. कंट्रोल, शिफ्ट आणि बॅकस्पेस. एका गोष्टीचा शोध घेत माणूस या फाइलमधून त्या फाइलमध्ये जातो, तिथून आणखी आत जातो, आणि शेवटी आपण कशासाठी निघालो होतो हेच विसरतो. ही कळ दाबली की आपण शेवटचं जिथं काम करत होतो तिथं परत येतो. अर्धी लिहिलेली ओळ तिथं तशीच वाट बघत असते. दुपारच्या गुंगीत मी उगाचच लांब भटकून यायचो आणि ती कळ दाबायचो. परत आल्यावर फार बरं वाटायचं.

हळूहळू बोटांना सगळं पाठ झालं आणि मी विसरलो. हे खरं आहे. जेवताना कुणी विचारलं की अमुक करायला कुठली कळ, तर मला सांगता यायचं नाही. मी भाकरी खाली ठेवायचो, दोन्ही हात टेबलावर पालथे मांडायचो, बोटं हलवायचो, मग त्यांच्याकडे बघून सांगायचो. सगळे हसायचे.

माझं नाव झालं. मला त्याची चढलीही होती, खोटं कशाला बोलू. नवीन पोरं कामाला लागली की साहेब, म्हणजे आमचे मालक, त्यांना आधी माझ्याकडे पाठवायचे. मी त्यांच्या हातातला माऊस काढून घ्यायचो आणि ऐटीत म्हणायचो, ‘‘माऊस म्हणजे आंधळ्याची काठी. डोळस माणसाला कशाला पाहिजे?’’ हे वाक्य मला फार आवडायचं. दर वेळी तितक्याच चवीनं म्हणायचो.

घरी मात्र माझं नाव वेंधळा असं होतं. बायको शाळेत भूगोल शिकवते. घरात पसारा नको म्हणून ती जपते, तरी मी तिच्या वह्यांच्या गठ्ठ्याला अडखळायचो, दाराच्या चौकटीला खांदा घासायचो, ताटाच्या डाव्या बाजूचं ताक हमखास सांडायचो. महाद्वार रोडला गर्दीत माणसं एकदम बाजूनं उगवायची आणि मी त्यांना धडकायचो. गाडीवर असताना उसाचे ट्रॅक्टर असेच अचानक शेजारी यायचे. बायको मागून ओरडायची आणि मी तिला म्हणायचो की ट्रॅक्टरवाल्यांना अक्कल नाही.

एकदा आम्ही जोतिबाला गेलो होतो. दर्शन झालं, कपाळाला गुलाल, केसांत गुलाल, बायकोच्या पांढऱ्या ओढणीलाही गुलाबी डाग पडलेले. दुकानदाराशी घासाघीस करून तिनं खोबऱ्याची वाटी घेतली. परतायला संध्याकाळ झाली. पायऱ्या उतरताना मला सगळं निळसर दिसायला लागलं, मग करडं, मग पायऱ्या एकमेकींत विरघळून गेल्या. मी थांबलो आणि म्हणालो की फार अंधार पडला, मोबाइलचा दिवा लाव. तिनं आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘अहो, अजून उजेड आहे की,’’ ती म्हणाली. मला वाटलं ती चेष्टा करते. तिनं माझा हात धरला आणि आम्ही सावकाश उतरलो. मी मात्र त्या निळ्या उजेडात फार सुखात होतो. पायऱ्या दिसत नव्हत्या, पण तिचा हात होता, नारळाचा वास होता, लांबून घंटा ऐकू येत होती. ती संध्याकाळ अजूनही मला स्वप्नातल्यासारखी आठवते.

त्याच सुमाराला ऑफिसात एक ताई कामाला आल्या. पेठ वडगावच्या. लग्नाआधी त्यांनी हेच काम केलं होतं, मग मुलं लहान म्हणून घरी राहिल्या, आता मुलं मोठी झाल्यावर परत आल्या होत्या. रोज एसटीनं यायच्या आणि आल्या आल्या खिडकी उघडून मोठ्यानं म्हणायच्या की इथं माणसं बसत्यात का कोंबड्या. वयानं माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांची बोटं एका जुन्या एडिटरवर तयार झालेली होती. आमच्या नव्या एडिटरमध्ये अशी सोय असते की कळा जुन्यासारख्या करून घेता येतात. एडिटर नवा, कळा जुन्या. ताईंनी पहिल्याच दिवशी तसं करून घेतलं.

मला ते पटलं नाही. मी म्हणालो की हे म्हणजे सासरी येऊन माहेरच्याच चुलीवर जेवायचं झालं. त्या शांतपणे टाइप करत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘एकदा सासर बघून झालंय सर. बोटांस्नी तरी माहेरात ऱ्हाऊ द्या.’’ तेव्हापासून आमची दोस्ती जमली. दुपारचा चहा त्याच आणायच्या, सगळ्यांचा. माझा कप मात्र त्या बाजूला न ठेवता माझ्यासमोर, अगदी कीबोर्डच्या वर ठेवायच्या. मला ते चमत्कारिक वाटायचं, पण विचारलं नाही.

एका शनिवारी साहेबांनी माझं व्याख्यान ठेवलं. ऑफिसमधली सगळी माणसं आणि कॉलेजातून शिकायला आलेली मुलं, असे सगळे मीटिंगच्या खोलीत जमले. विषय माझाच. माऊसशिवाय काम कसं करायचं. खोलीतला लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता आणि समोर भिंतीवर मोठा पांढरा पडदा होता. खालून बटरचा वास येत होता, पंखा कुरकुरत होता, आणि मी लोकांकडे तोंड करून, पडद्याकडे पाठ करून उभा होतो. न बघता करून दाखवायचं, हीच तर माझी ऐट होती.

शिफ्ट दोनदा दाबलं. खिडकी उघडली असणार, कारण मुलं वाकून बघायला लागली. मी नाव टाइप केलं, एंटर दाबलं, हव्या त्या फाइलमध्ये जाऊन पोचलो. मग म्हणालो, आता बघा, एक ओळ पुन्हा लिहायची असेल तर हातानं लिहायची नाही, कंट्रोल आणि डी. ‘‘बघा, एका ओळीच्या दोन झाल्या,’’ असं म्हणून मी कळ दाबली. मुलं गप्प होती. मला वाटलं, थक्क झाली. ‘‘दोनाच्या तीन,’’ मी म्हणालो आणि पुन्हा दाबली. ‘‘तीनाच्या चार.’’

कुणीतरी फुसकन हसलं. मग दुसरं. मग सगळी खोली हसायला लागली आणि लगेच ओशाळून गप्प झाली.

मी मागं वळलो. पडद्यावर ओळी वाढलेल्या नव्हत्या. उलट, होत्या त्याच नाहीशा झाल्या होत्या. त्या लॅपटॉपवर ताई कधीमधी बसायच्या, आणि त्यांनी तिथंही जुन्या कळा करून ठेवल्या होत्या. जुन्या एडिटरमध्ये कंट्रोल आणि डी म्हणजे ओळ पुसून टाकायची. मी छाती पुढं काढून एकेक ओळ मिटवत होतो आणि एकाच्या दोन झाल्या म्हणून सांगत होतो.

हे हसण्यासारखंच होतं. मीही हसलो असतो. पण पडद्याकडे वळल्यावर मला कर्सर सापडेना. कर्सर म्हणजे ती लुकलुकणारी बारीक रेघ, आपण कुठं लिहितो आहोत ते सांगणारी. एवढा मोठा पडदा आणि मी त्याच्यावर नजर फिरवत होतो. जिथं बघायचो तेवढंच स्वच्छ दिसायचं, बाकी सगळं नुसतं पसरलेलं काहीतरी. ताई पुढं आल्या आणि म्हणाल्या की सर, मी बाणानं दाखवते, इथं बघा. त्या माऊस फिरवत होत्या. मी बघत होतो. मला बाण दिसला नाही. त्या म्हणाल्या, आता वर, आता डावीकडं, आता मधी आणते. मी प्रोजेक्टरला शिव्या दिल्या. दिवा गेलाय याचा, म्हणालो, नवीन घ्या म्हणून किती वेळा सांगितलं. पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

ताईंनी सगळ्यांना चहाला पाठवलं. खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, समोर बसल्या आणि सांगितलं की माझ्या नाकाकडं बघत ऱ्हावा, हात दिसला की सांगा. मी बघत राहिलो. त्यांचं नाक, नाकातली चमकी, आणि भोवती धुकं. बराच वेळ झाला. शेवटी मी चिडून म्हणालो की हात आणा तरी. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘सर, हात मघाधरनं हितंच हाय. तुमच्या कानापाशी.’’

मग त्यांनी सावकाश हात पुढं आणला. तो जवळजवळ माझ्या नाकापाशी आल्यावर मला त्यांची बोटं दिसली, एका गोल खिडकीच्या कडेवरून कुणी डोकवावं तशी. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं. त्या म्हणाल्या की चहा बाजूला ठिवला की तुम्ही सांडताय, समोर ठिवला की न्हाय. म्हणून समोर ठिवत होते. त्यांना वाटलं होतं की मला माहीत असेल आणि सांगायचं नसेल.

मला काहीही माहीत नव्हतं. लोकांना एकाच वेळी सगळीकडचं दिसतं, नाकाकडे बघताना कानापाशी आणलेला हातही दिसतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझी गोल खिडकी इतकी हळूहळू लहान झाली होती की तिची चौकट मला कधी जाणवलीच नाही.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रासमोर बसवलं, आणि बराच वेळ बघत राहिले. मग समजावून सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा हा आजार आहे. अंधुक उजेडातलं आधी जातं, मग कडेचं, आणि मधलं सगळ्यांत शेवटी. ते कधी, हे कुणी सांगू शकत नाही. थांबवायचं औषध आज तरी नाही. बायको शेजारी बसली होती. जोतिबाच्या पायऱ्या तिला आठवल्या असणार, कारण तिनं तसाच माझा हात धरला. बाहेर आल्यावर मी गाडीची किल्ली तिच्याकडे दिली. ती मी पुन्हा कधी मागितली नाही.

मलकापूरजवळच्या गावातून थोरला भाऊ आला. गावाकडच्या घरी म्हशी आहेत, दूध आहे, वहिनी आहे, आईवडील आहेत. तो कमी बोलणारा माणूस. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाला, ‘‘नोकरी गेली तर गेली. घर हाय की आपलं. बसून खा.’’ त्याच्या बोलण्यात नुसती माया होती, आणि त्याच मायेनं मी भडकलो. ताट सरकवलं, उठलो, आणि उठताना दाराला धडकलो. त्यानं मला धरायला हात पुढं केला तो मी झटकला. नंतर कितीतरी वेळ तो ओसरीवर एकटाच बसून होता. बसून खा हे शब्द मला झोपेतही ऐकू यायचे.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. नजर जाईल याची होतीच, पण त्याहून जास्त या गोष्टीची की मी कोडमधून बाहेर काढला जाईन. ज्या गावातल्या बोळाबोळातून मी डोळे मिटून फिरायचो म्हणून मिरवत होतो, तिथून मला कुणीतरी हाताला धरून वेशीबाहेर आणून सोडेल.

साहेब एकदा घरी आले. चहा घेतला, बायकोची चौकशी केली, आणि मग सरळ विषयाला हात घातला. ते म्हणाले, ‘‘दया म्हणून मी तुमाला ठेवणार न्हाय. ते तुमालाबी आवडायचं न्हाय. त्यो अर्धा ऱ्हायलेला कार्यक्रम परत करा, सगळ्यांसमोर. जमलं तर खुर्ची तुमची. न्हाय जमलं तर मग बोलू.’’ बायकोला त्यांचं बोलणं टोचलं. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्याशी कामाची गोष्ट बोललं होतं.

त्यानंतरच्या दुपारी मी फार जपून ठेवल्या आहेत. बायको शाळेत जायची. घर रिकामं. खिडकीतून ऊन यायचं आणि फरशीवरून सरकत सरकत पलंगाखाली जायचं. शेजारी कुणीतरी शेवया वाळत घातलेल्या असायच्या, त्यांचा पिठूळ वास यायचा. पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडला आणि नुसता बसून राहिलो. मग डोळे मिटले. बोटं कळांवर ठेवली. लहान पोराला अंगणात मोकळं सोडावं तसं त्यांना सोडलं. शिफ्ट दोनदा. फाइलचं नाव. एंटर. खाली, आणखी खाली. एक नवीन ओळ, कंसात कंस, अर्धविराम. कंट्रोल, ऑल्ट आणि एल, म्हणजे सगळा कोड नीट ओळीत लागतो. डोळे उघडले. सगळं जागच्या जागी होतं.

मी पुन्हा डोळे मिटले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एवढी वर्षं ज्याला हुशारी म्हणत होतो, वेग म्हणत होतो, लोकांना शिकवत होतो, ती सगळी याचीच तयारी होती. बाण हरवायला लागला तेव्हा मी चिडलो आणि माऊस ड्रॉवरमध्ये टाकला. बोटांनी मात्र चिडण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी गुपचूप वाट पाठ करायला घेतली. मला काही कळायच्या आत त्यांना सगळं कळलं होतं. मी त्या रिकाम्या घरात माझ्या दोन्ही हातांकडे बघत बसलो आणि रडलो.

मग पडदा वाचून दाखवणारा आवाज लॅपटॉपवर घेतला. तो इंग्रजीत, घाईघाईनं, आवाजात कसलाही भाव न आणणाऱ्या माणसासारखा बोलतो. कंस उघडला, कंस बंद, अर्धविराम. पहिल्या दिवशी बायको शाळेतून आली आणि दारातच थबकली, घरात कोण परका माणूस आलाय म्हणून. त्या आवाजाच्या स्वतःच्या कळा असतात आणि त्यातल्या काही आमच्या एडिटरच्या कळांवर बसतात. कुठल्या कुणाला द्यायच्या, हे भांडण मिटवण्यात बऱ्याच दुपारी गेल्या. त्यांना शेजाऱ्यांसारखा बांध घालून द्यावा लागला. बायको संध्याकाळी माझ्या शेजारी वह्या तपासायला बसायची. मी डोळे मिटून लिहायचो. कधी कधी ती हळूच विचारायची की उघडलेत का. मी नाही म्हणायचो, आणि ती पुढची वही घ्यायची.

पुन्हा शनिवार ठरला. तीच खोली, तोच पंखा, खालून तोच वास. ताई दारातच भेटल्या. त्यांनी माझा हात धरला नाही, मला तसं आवडत नाही हे त्यांना माहीत होतं. नुसत्या माझ्या पुढं, चप्पल वाजवत चालल्या, म्हणजे मला आवाजामागं जाता यावं. लॅपटॉपपाशी आल्यावर म्हणाल्या की कळा नव्या करून ठिवल्यात, सकाळधरनं दहादा बघितलंय, आता माझ्या नावानं खडे फोडू नका. पहिल्या कार्यक्रमाचा त्यांनी फार धसका घेतला होता. मी म्हणालो की त्या दिवशी तुमच्या कळा नसत्या तर मला अजून माहीत नसतं. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

खोली भरली. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं, साहेबांचा आवाज अगदी मागच्या बाजूनं आला. मी पडद्याकडे पाठ केली, लोकांकडे तोंड केलं, आणि या वेळी डोळे मिटले. एका कानात यंत्राचा आवाज लावला होता. हात थंडगार पडले होते. शिफ्ट दोनदा दाबताना एक कळ वाया गेली. पुन्हा दाबली. मग हात गरम होत गेले. नाव शोधलं. त्याच्या जन्माच्या जागी गेलो. नाव बदललं, आणि मुलांमधून आवाज आला, म्हणजे सगळीकडे बदललं असणार. मुद्दाम लांब भटकून आलो, या फाइलमधून त्या फाइलमध्ये, आणि म्हणालो की आता मी हरवलोय. मग कंट्रोल, शिफ्ट, बॅकस्पेस. कानातल्या आवाजानं मी सोडून गेलेली ओळ वाचून दाखवली.

आता कंट्रोल आणि डी उरलं होतं.

मी कळ दाबली. कानातल्या आवाजानं ओळ वाचली, शब्दाला शब्द मघाचीच. एका ओळीच्या दोन झाल्या तर नव्या ओळीतही तेच शब्द असतात, त्यामुळं दोन झाल्या की कळच वाया गेली, हे नुसतं ऐकून कळत नाही. वर जाऊन तपासता आलं असतं, एका कळेचं काम होतं. मागं वळून डोळे उघडता आले असते, अजून मधलं दिसत होतं. मागच्या वेळी याच कळेनं मी सगळ्यांसमोर ओळी पुसल्या होत्या. मी वळलो नाही. ताईंची चप्पल कुठं थांबली होती ते मला माहीत होतं, तिकडं तोंड केलं.

‘‘ताई, झाल्या का?’’

‘‘झाल्या की सर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एका ओळीच्या दोन झाल्या.’’

कुणीच हसलं नाही. मागून साहेबांची खुर्ची करकरली.

‘‘मग थांबलाय कशाला,’’ ते म्हणाले. ‘‘पुढं शिकवा की.’’

मी डोळे मिटूनच पुढं शिकवलं.